बोअरमधला तवंग आणि तेलाची आच

यावल तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. केळीच्या बागेत नवा बोअर घेतला. साधारण ४८० फुटांवर काळसर, कुजक्या वासाची चिकणमाती वर आली. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसला आणि बादलीत पाणी भरून ठेवलं तर बारीक बुडबुडे येत राहिले. बोअरवाला म्हणाला, "भो, खाली तेल आहे." झालं, दोन दिवसांत गावभर बातमी. भावाने तीन गोष्टी विचारल्यात. हे खरंच तेल असू शकतं का? तापी जिथे समुद्राला मिळते त्या पट्ट्यात, अंकलेश्वरला, तेल निघतं, मग वर आपल्याकडे का नाही? आणि मेलेल्या जीवांचं दगडात तेल होतं म्हणजे नेमकं काय होतं?

मी मूळचा अमळनेरचा. तेल शोधणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत खडकांचा चुरा तापवण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे घरात शांतता होईल. ते जमिनीतलं तेल नाही.

तवंगाची परीक्षा फुकटात होते. बादलीतलं पाणी तासभर स्थिर ठेवा आणि एका काडीने तवंग फाडा. पापडासारखे तुकडे होऊन ते सुटे सुटे तरंगत राहिले, तर तो लोहाचा आणि लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा आहे. फाटलेली जागा लगेच भरून आली आणि रंग गोल फिरत पुन्हा एक झाले, तर ते तेल. पण तेल आहे म्हणून ते खालून आलं असं होत नाही. दगडात हातोडा चालवणाऱ्या गाडीत कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर हातोड्याला तेल पाजावंच लागतं, ते सगळं बोअरमध्ये उतरतं. तुमच्या पट्ट्यात गाळात रोटरी मशीन चालतं. तिथे रॉडच्या आट्यांना ग्रीस फासलेलं असतं आणि खोदताना भोकात फिरवतात त्या चिखलाच्या पंपाशेजारी डिझेलचा डबा असतोच. तेल भरलेली जुनी सबमर्सिबल मोटर गळत असेल तर महिनोन्‌महिने तवंग येतो. आठ दिवस पंप चालवून बघा. मशीनचं तेल असेल तर दिवसागणिक कमी होत जाईल.

बुडबुडे थोडे वेगळे. काही नुसत्या हवेचे असतील. पण काळ्या चिकणमातीत कुजलेला पाला आहे आणि तिथे हवा पोहोचत नाही, म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत जे चालतं तेच तिथे फार सावकाश चालतं. जिवाणू पाला खातात आणि मिथेन सोडतात. मिथेनला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याच्या सोबतच्या गंधकाच्या वायूचा. हा मिथेन पेटू शकतो, पण त्याचं नातं तेलाशी नाही. प्रयोगशाळेत हे दोन मिनिटांत कळतं. जिवाणूंच्या वायूत मिथेनबरोबर इथेन-प्रोपेन जवळजवळ नसतंच. खोल शिजून आलेल्या वायूत ते बहुधा बऱ्यापैकी असतं.

एवढ्या ठामपणे मी 'नाही' म्हणतोय ते माती न बघता. कारण गाव आणि खोली सांगितलीत ना, तेवढं पुरे. खाली काय गाडलं गेलं हे सगळेच विचारतात. आमच्या धंद्यातला माणूस आधी विचारतो, किती तापलं?

जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. आपल्याकडे वरच्या थराचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ अंश धरू. (मे महिन्यातलं जळगाव डोळ्यांपुढे आणू नका, ते ऊन जमिनीत फार खोल जात नाही.) ४८० फूट म्हणजे जेमतेम १५० मीटर, म्हणजे चार-साडेचार अंशांची वाढ. पहाटे बोअरच्या धारेखाली हात धरला तर कोमट लागेल, तेवढंच. तेल सुटायला साधारण ६० अंशांपासून सुरुवात होते, खरा जोर १०० अंशांच्या आगेमागे येतो आणि १५० च्या पुढे बहुतेक वायूच निघतो. म्हणजे सुरुवातीलाच सव्वा किलोमीटरच्या आसपास खोली हवी आणि जोरासाठी अडीच-तीन किलोमीटर. तेल जिथे शिजतं त्या स्वयंपाकघराच्या अंगणात पण तुमचा बोअर पोहोचलेला नाही.

आता शिजतं काय ते. लोकांच्या डोक्यात डायनासोर असतात. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात डायनासोरची अंडी सापडतात, त्यामुळे आपल्या भागात ही कल्पना जरा जास्तच चिकटली आहे. सोडून द्या. मोठा प्राणी मेला की दुसऱ्यांनी खाल्ला, उरलेला कुजला, हाडं राहिली. हाडांचं तेल होत नाही. तेलाचा कच्चा माल म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यांच्या पेशींत स्निग्ध पदार्थ भरपूर, आणि संख्या अफाट. त्यातलंही जवळजवळ सगळं वाया जातं. वरच्या वर खाल्लं जातं, कुजतं, कार्बन डायऑक्साइड होऊन परत जातं. तळाच्या गाळात कायमचं गाडलं जाणारं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. तेवढं तरी वाचायचं तर तळाच्या पाण्यात प्राणवायू नसावा लागतो. काळ्या समुद्रात आजही साधारण २०० मीटरखाली प्राणवायू नाही. तिथे पडलेलं शेवाळ टिकतं. शिवाय गाळ बारीक हवा. वाळूतून पाणी खेळतं आणि पाण्याबरोबर प्राणवायू, म्हणून वाळूत काही राहत नाही. ज्यातून तेल निघतं तो खडक, आम्ही त्याला सोर्स रॉक म्हणतो, तो म्हणूनच बहुधा बारीक कणांचा काळपट शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, किंवा चुनखडीचा चिखल असतो. १०० किलो दगडात निदान १ किलो सेंद्रिय कार्बन असावा ही आमची अट. दोन-तीन किलो निघाला तर त्या दिवशी चहा आमच्याकडून.

गाळावर गाळ साचत जातो. पहिल्या काही शे मीटरांत जिवाणूंचं राज्य असतं, साखरा आणि प्रथिनं ते संपवतात. जे पचत नाही त्याचे तुकडे एकमेकांत अडकून प्रचंड मोठे, गुंतागुंतीचे रेणू बनतात. त्याचं नाव केरोजेन. तो घन असतो, कुठल्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही, आणि हे पक्कं लक्षात ठेवा, तो तेल नाही. आपल्याकडे तेलघाण्या पाहिलेली माणसं लगेच म्हणतात, दगडाला वरून एवढा दाब बसतो, मग पिळून तेल निघत असेल. ती उपमा इथे फसते. शेंगदाण्यात तेल आधीच असतं, घाणी ते फक्त बाहेर काढते. केरोजेनला कितीही पिळा, थेंब निघणार नाही. तो आधी तुटावा लागतो, आणि तोडते ती आच. दाबाने चिखलाचा दगड होतो, पाणी निघून जातं. केरोजेन तुटण्यात दाबाचा वाटा अगदी थोडा.

केरोजेन एकदा डोळ्यांनी पाहिला की पटतं. खडकाचा चुरा आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात. हे दुसरं काच खातं, म्हणून सगळी भांडी प्लास्टिकची आणि हातमोजे कोपरापर्यंत. चुना जातो, माती जाते, वाळू जाते. मूठभर दगडाची तळाशी चिमूटभर तपकिरी भुकटी उरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की परागकण दिसतात, बीजाणू दिसतात, शेवाळाचे पापुद्रे आणि लाकडाचे टोकदार कण दिसतात. परागकणांचा रंग बघायचा. न तापलेला फिकट पिवळा. मग मधासारखा, मग तांबूस, मग गडद तपकिरी, शेवटी काळा. शेवभाजीचा कांदा परतताना माझी आई नुसत्या रंगावरून सांगायची, अजून कच्चा आहे की आता करपायला आला. आम्ही पाच कोटी वर्षांपूर्वीच्या परागकणावर तेच करत होतो, तिच्याइतकं अचूक नव्हे. अचूकतेसाठी लाकडाचे कण घासून चकचकीत करतात आणि त्यावरून किती टक्के प्रकाश परत येतो ते मोजतात. सुमारे ०.६ टक्क्याला तेल सुटू लागतं, १.३ च्या पुढे तेलाचे दिवस संपतात.

एक जण हमखास विचारतो, तेल जीवांपासूनच आलं हे कशावरून? १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कच्च्या तेलात पॉर्फिरिन सापडली. तो हरितद्रव्याचाच सांगाडा, फक्त मधल्या मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसलेलं. पानाचा शिक्का तेलावर उमटलेला आहे म्हणा ना. पुढे असे शेकडो शिक्के सापडले.

आता तुटतं म्हणजे काय. आमच्या घरी लोणी कढवायचं काम आजीचं होतं. पातेलं मंद आचेवर, आणि तिथून हलायचं नाही. पाणी उडतं, तूप वेगळं होतं, तळाशी बेरी राहते. केरोजेनचंही तसंच होतं, फक्त इथला हिशेब हायड्रोजनचा असतो. समुद्री शेवाळाच्या केरोजेनमध्ये दर १०० कार्बन अणूंमागे साधारण १२० ते १३० हायड्रोजन अणू असतात. तेलात ते १८०-१९० असतात, मिथेनमध्ये तर ४००. म्हणजे एखादा तुकडा तेल होऊन सुटायचा तर त्याला जादा हायड्रोजन लागतो, आणि तो कुठून येणार? मागे राहणाऱ्या भागाकडूनच. जितकं तेल-वायू सुटतं तितकं मागचं केरोजेन हायड्रोजनला मुकत जातं, आणि शेवटी जवळजवळ नुसता कार्बन उरतो. ती आमची बेरी. साखर घालून खाता येत नाही एवढंच.

हायड्रोजन ध्यानात आला की बाकीचं आपोआप कळतं. तळ्यातल्या शेवाळाच्या केरोजेनमध्ये दर १०० कार्बनमागे १५० च्या आसपास किंवा अधिक हायड्रोजन असतो, त्यातून भरपूर मेणचट तेल निघतं. लाकूडफाट्यात १०० पेक्षाही कमी, म्हणून जंगल गाडलं गेलं तर मुख्यतः कोळसा आणि वायू मिळतो. आणि वणव्यात आधीच कोळसा झालेलं लाकूड पुरलं, तर कितीही तापवा, काही निघत नाही. पऱ्हाट्या जाळून झाल्यावरच्या राखेतून सरकीचं तेल कसं निघेल?

आच वाढत गेली तर तयार झालेलं तेलही तुटतं. लांब साखळ्यांच्या लहान साखळ्या होतात, जड तेलाचं हलकं, मग वायू, आणि शेवटी नुसता कोरडा मिथेन. २०० अंश पार केलेल्या खडकात तेल शोधण्यात अर्थ नसतो. पातेलं करपलेलं असतं.

तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. लोपातिन या रशियन शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक ढोबळ नियम वापरला: दर १० अंशांना वेग दुप्पट. आता प्रत्येक प्रकारच्या केरोजेनचं गणित वेगळं मांडतात, पण अंदाजासाठी लोपातिन अजून चालतो. समजा १०० अंशांवर एखादं काम १ कोटी वर्षांत होतं. ९० अंशांवर २ कोटी लागतील, ६० वर १६ कोटी. आणि तुमच्या बोअरच्या ३० अंशांवर? १२८ कोटी वर्षं. तुमची ती माती काही लाख वर्षांचीही असेल-नसेल.

उलट बाजूने पाहिलं तर आच वाढवून वेळ वाचवता येतो, आणि आमची प्रयोगशाळा त्यावरच चालायची. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७० च्या दशकात तयार झालेलं रॉक-इव्हॅल नावाचं एक यंत्र असतं. चिमूटभर, म्हणजे १०० मिलीग्रॅमच्या आत-बाहेर, दगडाचा चुरा एका छोट्या वाटीत घालायचा. आधी ३०० अंशांवर तीन मिनिटं. दगडात आधीच सुटलेलं तेल असेल तर ते उडतं आणि पडद्यावर पहिलं शिखर उमटतं. मग मिनिटाला २५ अंशांनी वाढवत नेतात, तेव्हा केरोजेन तुटतं आणि दुसरं शिखर येतं. निसर्गाने अजून न वापरलेली शिल्लक ती हीच. या दुसऱ्या शिखराचा माथा कोणत्या तापमानाला आला ते बघायचं. ४३५ अंशांच्या आत आला तर दगड कच्चा, ४३५ ते ४६५-४७० म्हणजे तेलाच्या टप्प्यात, त्यापुढे वायू. निसर्गात १०० अंशांवर होणाऱ्या गोष्टीला इथे साडेचारशे लागतात, कारण आमच्याकडे कोटी वर्षं नसतात, जेवायच्या सुट्टीआधी निकाल द्यायचा असतो.

या यंत्रानेच मला एकदा चांगलं फजित केलं. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. एका विहिरीचे नमुने आले, पहिलं शिखर छताला टेकलेलं. इतकं सुटं तेल! मी वरिष्ठांकडे धावत गेलो. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "ड्रिलिंगच्या चिखलात काय टाकलं होतं?" रॉड अडकला म्हणून तिथल्या लोकांनी चिखलात डिझेल ओतलं होतं आणि नोंद करायचं विसरले होते. मी पेट्रोल पंपावरचं डिझेल शोधून काढलं होतं. चिखल गळून जाऊ नये म्हणून अक्रोडाच्या टरफलांचा भुगाही टाकतात. तो नमुन्यात आला की सेंद्रिय कार्बन एकदम भरघोस. तेव्हापासून कुणी तेल सापडलं म्हटलं की मी आधी ओतणाऱ्याचा पत्ता विचारतो. तुमच्या बोअरच्या बाबतीतही तेच केलं.

किती तेल निघतं याचाही अंदाज असू द्या. टनभर शेलमध्ये २ टक्के सेंद्रिय कार्बन म्हणजे २० किलो. चांगल्या समुद्री केरोजेनच्या दर ग्रॅम कार्बनमागे ४०० मिलीग्रॅम तेल-वायू सुटू शकतो असं धरलं तर टनामागे ८ किलो. फार नाही वाटत. पण एक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ५० मीटर जाडी घ्या, घनमीटरला अडीच टन वजन धरा, की १० लाख टन होतात. त्यातलं पुष्कळसं शेलमध्येच अडकून राहतं, पुष्कळसं वाटेत वाया जातं. जे सुटतं ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वाळूच्या दगडाच्या छिद्रांतून वर वर सरकतं आणि वर घट्ट झाकण मिळालं तरच थांबतं. तेलाचा तलाव कुठेच नसतो. वीट जसं पाणी धरते तसं वालुकाश्म तेल धरतो. आणि झाकण आधी तयार हवं. तेल निघून गेल्यावर खडकांच्या थरांना घडी पडून झाकण झालं तर त्याखाली पाणीच सापडतं. अशा सुंदर, कोरड्या घड्या खोदून लोकांनी पुष्कळ पैसे घालवलेत.

आता अंकलेश्वर. तेल १९६० मध्ये लागलं. त्याच पट्ट्यात खंबातजवळ लुणेजला १९५८ मध्ये. भूगोल तुमच्या ओळखीचा आहे, फक्त तो उभा कापून बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या काळ्या दगडाचे, बेसाल्टचे, थर लाव्ह्यातून साचले, खानदेशातही आणि गुजरातेतही. त्यानंतर तिकडची जमीन दोन भेगांमध्ये खचत गेली. खचलेल्या खड्ड्यात समुद्र शिरला, नद्यांनी गाळ आणला, आणि पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी काळ्या शेलचे जाड थर बसले. त्यावर नदीमुखाच्या त्रिभुज प्रदेशातली वाळू आली, तिच्यावर पुन्हा चिकणमाती. म्हणजे सोर्स, साठवण आणि झाकण तिन्ही एकाच ठिकाणी. शिवाय तिथे खालची उष्णता नेहमीपेक्षा जास्त आहे, काही भागांत किलोमीटरला ४० अंशांच्या वर, त्यामुळे कमी खोलीवर शिजलं. भरूचजवळचा खोलगट भाग शिजला आणि तेल शेजारच्या अंकलेश्वरच्या उंचवट्यात चढून बसलं. अशा खोलगट भागाला आमच्या धंद्यात 'किचन'च म्हणतात, मी उपमा रचून सांगत नाहीये.

थोडक्यात, त्यांच्याकडे बेसाल्ट तळाला आहे आणि आपल्याकडे छपराला. खानदेश तेव्हा उंचावर राहिला. बेसाल्टवर आपल्याकडे समुद्र आला नाही, काळा शेल बसला नाही. तुमच्या यावल-रावेरकडे जो शेकडो मीटर गाळ आहे तो तापी-पूर्णेने अगदी अलीकडे, भूगर्भशास्त्राच्या हिशेबात परवा, आणून टाकलेला. पाण्यासाठी आणि केळीसाठी सोनं आहे तो. तेलासाठी काहीच नाही.

कच्चं आणि शिजलेलं यातला फरक हातात घेऊन बघायचा असेल तर धुळे-सुरत महामार्गाने नवापूर ओलांडून खाली उतरा. सुरतेच्या ईशान्येला वस्तानची लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाची, खाण आहे. तो थर त्याच खंबातच्या शेलच्या कुटुंबातला, पण इथे तो खोल गेलाच नाही. माझ्या टेबलावर तिथला एक तुकडा आहे. तपकिरी, हलका, सुकून भेगा पडलेला, एका बाजूला लाकडाचा धागा अजून ओळखू येतो, आणि मध्ये मुगाच्या दाण्याएवढे दोन पिवळे चकचकीत खडे. ती राळ आहे, सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची. तशाच राळेत अडकलेले ५ कोटी वर्षांपूर्वीचे किडे तिथे पाय-पंखांसकट सापडलेत. त्याचीच भावंडं खड्ड्यात काही किलोमीटर खोल गेली आणि शिजून गेली. हा वर राहिला म्हणून झाडाचं झाडपण टिकलं. सुई तापवून त्या खड्याला टेकवली की देवघरातल्या धुपासारखा वास येतो.

मग आपल्या बेसाल्टच्या खाली काय आहे? हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारणारे वेडे नाहीत. लाव्हा येण्याआधी इथे जमीन होतीच. सातपुड्यापलीकडे नर्मदेकाठी बाग नावाच्या गावाच्या आसपास लाव्ह्याआधीच्या समुद्राचे चुनखडीचे थर उघडे दिसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने नर्मदा-तापी पट्ट्यात खोलवर धक्के पाठवून जी पाहणी केली, तिच्यातून बेसाल्टखाली जुन्या गाळाच्या खडकांची खोरी असावीत असा निष्कर्ष निघाला, काही ठिकाणी हजार मीटरहून जाड. अडचण अशी की धक्क्याच्या लहरी बेसाल्टमध्ये सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास पळतात आणि खालच्या मऊ खडकात त्याहून हळू. खाली वेग वाढत गेला तर लहर वाकून वर परत येते; वेग कमी झाला तर ती खालीच बुडी मारते आणि तो थर लपून राहतो. म्हणून हा प्रश्न इतकी वर्षं लोंबकळतोय. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत दख्खनच्या बेसाल्टखालचं खोरंही आहे, पण तिसऱ्या वर्गात, म्हणजे आशा आहे, अजून सापडलेलं काही नाही.

लाव्ह्याने खालचं सगळं जाळलं असेल, असं बरेच जण म्हणतात. एकेक थर हजार-अकराशे अंशांचा असला तरी तो वरून थंड होतो आणि त्याच्या आचेने खालचे काही मीटरच करपतात. साक्री-नंदुरबार भागात शेतांतून लांबच लांब दगडी भिंती उभ्या दिसतात ना, पूर्व-पश्चिम, जणू कुणी किल्ल्याचा तट बांधायला घेतला आणि सोडून दिला? त्या डाइक. भेगेत शिरून गोठलेला लाव्हा. वीस मीटर रुंदीची डाइक आपल्या दोन्ही बाजूंना वीस-चाळीस मीटर भाजते, फार पुढे नाही. खरा परिणाम वेगळाच. हजार-दीड हजार मीटर बेसाल्टची गोधडी अंगावर पडली की खालचा खडक कायमचा तीस-चाळीस अंशांनी गरम होतो. अडावदजवळ उनपदेवला जे गरम पाणी येतं, ते भेगांतून खोल उतरून तापून परत वर आलेलं. म्हणजे चूल आहे. पातेल्यात काही घातलं होतं का, ते खोल भोक पाडल्याशिवाय कळायचं नाही. माझा स्वतःचा कल असा की सापडलाच तर वायू सापडेल, तेल नाही; खालच्या खडकांत लाकूडफाटा जास्त असावा असं मला वाटतं. पैज मात्र लावणार नाही.

आणि उद्या सापडलं तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव असून उपयोग नाही, जमिनीखालचं तेल सरकारचं. तेव्हा फार हळहळू नका.

बोअरचं काय करायचं ते सांगतो. तोंडाशी काडी पेटवून बघायचा मोह आवरा. गावातल्या पोरांनाही सांगून ठेवा. मोटरची खोली बंद ठेवू नका, वारा खेळू द्या. काळ्या मातीचा पट्टा जिथे लागला तिथे साधा केसिंग पाइप घाला आणि स्लॉटेड, म्हणजे फटी पाडलेला, पाइप खालच्या वाळूसमोर येईल असं बघा, म्हणजे वास निम्म्याने तरी कमी होईल. वायू तपासायचाच असेल तर नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, पाण्याखालीच झाकण लावून घ्या. रॉकेलची जुनी बाटली कितीही धुतली तरी नको, आणि प्लास्टिक तर नकोच. पिण्यासाठी वापरणार असाल तर पाणी तपासून घ्या, लोह बहुतेक जास्त निघेल.

आणि बोअरवाल्याला एकदा सहज विचारा, रॉडला ग्रीस कोणतं लावलं होतं.